टेंगळाचा मासा

६ ऑगस्ट २००८, बुधवार

शाळेतून आले तर मागच्या व्हरांड्यातलं माझं वॉशिंग मशीन अंगणात गेलेलं आणि त्याच्या जागी चार फुटांची काचेची टाकी. टाकीसमोर हे आणि दिगंबर उकिडवे बसलेले. दोघे कारखान्यात एकाच वर्षी लागले, एकाच विभागात आहेत आणि कारखान्याच्या बरखेडा वसाहतीत एकाच गल्लीत राहतात. त्यामुळे काहीही सुचलं तरी ते दोघांना मिळून सुचतं.

"वहिनी, या, दर्शन घ्या," दिगंबर म्हणाले.

आत तळहाताएवढा लालभडक मासा. डोक्यावर टेंगूळ. पडल्यावर पोरांच्या कपाळाला येतं तसं, पण जवळजवळ डोक्याएवढं, गुळगुळीत, आणि मासा वळला की डुगडुगणारं. मला शिसारी आली. तोंड फिरवलं तर हे म्हणाले, "नीट बघ की. टेंगूळ जेवढं मोठं तेवढं नशीब मोठं. इंदूरला लोक ह्याच्यासाठी नंबर लावून बसतात."

तर आता आमच्या घरी ह्या माशांची पैदास होणार. निवृत्तीला पाच वर्षं आहेत, तोवर काहीतरी जोडधंदा उभा राहायला हवा म्हणे. कार्ड छापायचंही ठरलं आहे : हेमंत पिंपळापुरे, फ्लॉवरहॉर्न ब्रीडर. मादी रविवारी येणार.

सासूबाईंनी टाकीच्या काचेला हळदकुंकू लावलं. माशानं आतून नेमकी तिथेच धडक मारली. सगळे खूश झाले, त्यानं नमस्कार केला म्हणून. मला जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल शाळेच्या कॉम्प्युटरवर वाचून काढलं. ही माशाची जातच नाही. मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या चार-पाच जातींचे मासे मलेशियात एकत्र कोंडले, त्यांच्या संकराचा पुन्हा संकर केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यातली जी पिल्लं विचित्र दिसली तेवढीच ठेवली. बाकीची फेकली. जगातल्या कुठल्याही नदीत हा मासा नव्हता आणि नाही.

नाश्त्याला ह्यांना ते सांगितलं. हे म्हणाले, "मग काय बिघडलं? खेचर तरी कुठल्या जंगलात असतं?"

"खेचराला पिल्लं होत नाहीत," मी म्हटलं. "तुम्हाला पिल्लं विकायची आहेत ना?"

देवघरातून सासूबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी पिल्लांच्या गोष्टी, आणि त्याही कुणी कराव्यात!"

हे ताटली तशीच ठेवून व्हरांड्यात निघून गेले. हे नेहमी असंच करतात. आई सुरू झाल्या की उठतात. चोवीस वर्षांत ह्यांनी मला एका शब्दानं दोष दिलेला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. दुसरा नवरा असता तर दुसरं लग्न केलं असतं, असं माझी आईसुद्धा म्हणायची. नागपूर, इंदूर, पुन्हा नागपूर. गर्भनळ्यांत औषध सोडून फोटो काढले तेच तीनदा. दर डॉक्टरचं एकच : सगळं ठीक दिसतं, का राहत नाही सांगता येत नाही. ह्यांचा रिपोर्ट तर नॉर्मलच होता. तेव्हा काही असलं तर माझ्यातच असणार. हे आता घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं आहे. कुणी त्याच्याकडे बघत नाही, फक्त अधूनमधून कुणाचा तरी पाय आपटतो.

मादी आली. राखाडी, टेंगूळ नाही. मला ती बरी वाटली.

२४ ऑगस्ट, रविवार

ह्यांच्याबरोबर न्यू मार्केटमागच्या माशांच्या दुकानात गेले. जायला नको होतं.

एका टाकीत नारिंगी गोल मासे होते. तोंड उभ्या चिरेसारखं, आणि ते मिटतच नव्हतं. हाही संकरच. जबडा असा घडला आहे की तोंड बंद होत नाही. खाताना अर्धं खाणं बाहेर सांडत होतं. त्यांच्यातल्या काहींना शेपूटच नव्हतं. मी विचारलं तर दुकानदार कौतुकानं सांगायला लागला, "मैडम, ये दिल वाली है. बचपन में पूँछ काट देते हैं, तो दिल का शेप आ जाता है. गिफ्ट में खूब जाती है."

शेजारच्या टाकीत तेच मासे निळे, जांभळे. सुईनं रंग टोचलेले.

बाहेर येऊन मी रुमाल तोंडाला धरून उभी राहिले. हे आत अर्धा तास बोलत होते. येताना गाडीवर म्हणाले, "तुझं अती असतं. शाळेत बेडूक फाडतेस तेव्हा काही वाटत नाही?"

वाटतं. पण मी बेडूक फाडते तो आत काय आहे ते मुलांना दिसावं म्हणून. बेडूक दिवाणखान्यात शोभावा म्हणून त्याचे पाय कापत नाही. हे मी मनात म्हटलं. गाडीवर बोललेलं ह्यांना ऐकू येत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीच्या दर्शनाला आलेली गल्ली गणपतीसमोर दोन मिनिटं आणि माशासमोर वीस मिनिटं. एका बाईंना माशाच्या अंगावरच्या काळ्या डागांत 'श्री' दिसला. अंगठीवाला एक ठेकेदार काचेला कपाळ टेकवून गेला. त्याच्या कपाळाचा तेलकट गोल अजून काचेवर आहे, मी पुसणार नाही.

दुपारी मादीनं फरशीच्या तुकड्यावर अंडी घातली. चारशे-पाचशे असतील. हे आणि दिगंबर एकमेकांना पेढे भरवत होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

अंडी पांढरी पडली. सगळी. काल कडेची, आज मधली. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली आहे. फळलेलं अंडं दोन दिवसांत मधाच्या रंगाचं होतं आणि आत डोळ्यांचे ठिपके दिसायला लागतात. इथे नुसता साबुदाणा.

"मादी खराब निघाली," हे म्हणाले.

दिगंबर म्हणाले, "हेमंत, मादी बदलू. नर आपला एक नंबर आहे."

तो कुजका थर मीच खरवडून काढला. आणखी कोण काढणार? वास अजून नखांत आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

दुसरी मादी. दुसऱ्यांदा अंडी. दुसऱ्यांदा पांढरी.

नरानं ह्या मादीचे कल्ले फाडले. मधली जाळी काढून ठेवली होती तेवढ्या वेळात. हे म्हणतात, जातिवंत नर असा तापट असायचाच. पहिली मादी हे कारखान्याच्या तलावात सोडून यायला निघाले होते. मी बादली हातातून काढून घेतली. म्हटलं, तिथले साधे मासे हिच्या तोंडी जातील, आणि हिचा दोष आहे हे तरी कुठे सिद्ध झालं? आता दोन्ही माद्या न्हाणीघरातल्या टपात आहेत आणि मी मोरीत आंघोळ करते.

सासूबाईंचं मत : "वांझ ती वांझ. पाणी बदलून काय होतं?" माशाबद्दल म्हणाल्या. बघत माझ्याकडे होत्या. हे तेवढ्यात पंप बघायला उठले.

५ ऑक्टोबर, रविवार

दिगंबरच्या सुनेचं डोहाळजेवण. दिगंबरची बायको सुलभा घरी येऊन बोलावून गेली होती, म्हणून गेले. पुरणाचं ताट, झोपाळ्याला फुलं, सगळं छान. ओटी भरायची वेळ आली. मी तबक घेतलं. सुलभा हसत हसत माझ्या हातातून ते काढून घेत म्हणाली, "वासंती, तू बस गं, दमली असशील. शेजारची प्रमिला भरेल." आणि सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "बरोबर आहे. पहिलटकरीण आहे, उगाच शंका नको."

पंधरा बायका. सगळ्यांना एकदम आपापल्या साडीचे काठ बघायचे होते.

मला ह्या बायकांची किळस आली. म्हणून मग त्यांच्यात बसून मी पोटभर जेवले, बासुंदीच्या दोन वाट्या घेतल्या. आता त्याचीच मळमळ होते आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जेवताना म्हटलं, "तिसरी मादी आणू नका. नर बदलून बघा."

ह्यांचा घास हातात राहिला. "म्हणजे?"

"पहिलीच मादी घ्या. तिच्याबरोबर दुसरा नर सोडा. दुकानदाराकडे बिनटेंगळाचे कितीतरी पडलेले असतात, फुकटसुद्धा देईल. अंडी फळली तर दोष मादीचा नाही. साधी गोष्ट आहे. अकरावीतल्या मुलांनाही हे सुचेल."

"नराला काय धाड भरली आहे? एवढा धडधाकट—"

"धडधाकट असतोच. संकराचं शरीर उत्तम चालतं, कधी कधी आईबापांपेक्षाही जोमानं वाढतं. घोटाळा आत असतो. बीज तयार होताना आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं जोडीनं उभी राहावी लागतात. दोन जातींची असली की जोड्या नीट लागत नाहीत. बरेचदा नरांतच हे होतं. ह्या माशांत तर टेंगूळवाले किती नर बिनकामाचे निघतात, ते त्या मलेशियावाल्यांनीच लिहून ठेवलंय."

हे एकदम ओरडले, "पुरे! जेवताना हे काय घाणेरडं बोलणं?"

चोवीस वर्षांत ह्यांचा एवढा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. नर म्हणजे ह्यांना फार लाडका आहे. एवढा जीव माशावर? पुरुषांचं काही कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

मीच जाऊन नर घेऊन आले. मातकट रंग, सपाट डोकं, एक पंख जरा वाकडा. दुकानदार म्हणाला, "मैडम, ये तो कचरा है." दुसरी मादी बादलीत काढून तो न्हाणीघरातल्या टपात पहिल्या मादीबरोबर सोडला. हे तिकडे फिरकले नाहीत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल अंडी घातली होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मधाच्या रंगाची आहेत. भिंगातून ठिपके दिसतात, दोन-दोन.

शाळेतून दोनदा फोन करून सासूबाईंना विचारलं, दिवे गेले नाहीत ना. त्यांना वाटलं, मी त्यांची चौकशी करते आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

टपातल्या फरशीच्या तुकड्यावर शेपट्या वळवळताहेत. शेकडो. माझी मादी चांगली होती. पहिल्यापासून चांगली होती.

दिगंबर बघायला आले. "वा वहिनी! पण बाप कचरा आहे, पिल्लांना टेंगूळ यायचं नाही." ह्यांनी एकदाच पाहिलं आणि दिवाळीचे कंदील लावायचे आहेत म्हणून शिडीवर चढले. शिडीवर बराच वेळ नुसते उभे होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिल्लं तीन आठवड्यांची झाली. आता निवड करायची. वाकड्या कण्याची, एका डोळ्याची, कल्ल्याला झाकण नसलेली, दोन तोंडं आल्यासारखी. ती ठेवली तर बाकीची वाढत नाहीत. दिगंबर म्हणाले, नाल्यात टाका. हे म्हणाले, तूच बघ. मी पाण्यात गुंगीसाठी लवंगेचं तेल घालून केलं. एकेक जाळीत घ्यायचं, बघायचं, डावीकडे किंवा उजवीकडे. डावीकडच्या वाडग्यात पाच मिनिटांत हालचाल थांबते.

एकशे चाळीस डावीकडे गेली. दिगंबर म्हणाले, "वहिनींची नजर पक्की आहे." मला हे इतकं छान जमतं, ह्याचीच किळस आली. मलेशियात बसलेल्या माणसानं हेच केलं. पंधरा वर्षं हेच करत बसला, आणि डावीकडे साधी जगणारी गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

हे सगळं आज नीट लिहायचं आहे, एकही शब्द गाळायचा नाही.

टेंगूळवाला नर दोन दिवस खात नव्हता. आज सकाळी उलटा तरंगताना दिसला. हे त्याला तुळशीजवळ पुरायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, मला बघायचं आहे. शाळेतला जुना मायक्रोस्कोप मागच्याच आठवड्यात परवानगी काढून पिल्लांसाठी आणलेला होता.

व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून मासा उघडला. टेंगळात पांढरट थलथलीत चरबी, शिळ्या खरवसासारखी. एवढ्यासाठी लोक कपाळ टेकत होते. पोटात मागच्या बाजूला वृषण असतात, ते दोऱ्याएवढे बारीक. एक तुकडा काचपट्टीवर चिरडला, वरून थेंबभर पाणी. वर्षानुवर्षं मुलांना स्लाइड दाखवते आहे, काय दिसायला हवं ते डोळे मिटून सांगेन. तिथे नुसत्या गोल पेशी, थोडा कचरा. शेपटीवाला एकही नाही.

हे मागे उभे होते. मी म्हटलं, "या, बघा. मग तरी पटेल."

ते स्टुलावर बसले, वाकले. मी वर्गात विचारते तसं विचारलं, "काय दिसतं?"

बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "मला असंच दाखवलं होतं."

"कुणी?"

"इंदूरच्या डॉक्टरनं. सत्त्याऐंशी साली. म्हणाला, विश्वास नसेल तर स्वतः बघा."

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "सत्त्याऐंशी साली कुठले मासे होते?"

"मासे नाही, वासंती. माझं."

पंप बुडबुडत होता. मी विचारलं, "तुमचा रिपोर्ट तर नॉर्मल होता."

"तो माझा नव्हता."

"मग कुणाचा?"

मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा म्हणाले, "दिगंबरचा. नंतर नागपूरला नमुना त्यानं दिला. नाव माझं लिहिलं."

मी उठले आणि हात धुतले. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशी साली मला पहिल्यांदा त्या टेबलावर झोपवलं, नळ्यांत औषध सोडलं, मी ओरडले म्हणून नर्सनं तोंडावर हात ठेवला. तेव्हा ह्यांना ठाऊक होतं. हे बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर आले तर मला नारळपाणी पाजलं आणि म्हणाले, "फार दुखलं का गं?" त्यानंतर आणखी दोनदा. तेव्हाही ठाऊक होतं. त्र्याण्णव साली दत्तक घेण्याचा फॉर्म मी आणला तेव्हा आईला चालणार नाही म्हणाले.

"मी तुला कधी काही बोललो का?" हे मागून म्हणाले. "एका शब्दानं तरी?"

ह्यालाच मी चोवीस वर्षं चांगुलपणा म्हणत होते.

१ डिसेंबर

शाळेत गेले. आले.

४ डिसेंबर, गुरुवार

ह्यांच्या हाताचा वास सहन होत नाही. आंघोळ करून येतात तरी येतो. बहुधा वास नसेलच. वेगळ्या खोलीत झोपते.

मूल होत नाही ह्याची किळस नाही, हे इथे स्वतःसाठी लिहिते. कळलं त्याच वर्षी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, असू द्या. खरंच म्हटलं असतं. किळस त्या बाकाची आहे. नारळपाण्याची आहे.

७ डिसेंबर, रविवार

सासूबाईंना सांगा म्हटलं. ह्यांनी सांगितलं, खाली मान घालून. सासूबाई वाती वळत होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, वाटलं धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "सतराव्या वर्षी ह्याला गालगुंड झाले, ते खाली उतरले. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, पुढे मूल व्हायला कदाचित अडचण येईल. कदाचित म्हणाला होता."

"आणि तुम्ही मला वांझ म्हणत राहिलात?"

"मग काय माझ्या मुलाला म्हणू?" एवढंच, आणि वात तुपात बुडवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. मीच मूर्खासारखा प्रश्न विचारला होता.

ह्यांना म्हटलं, आता एकच गोष्ट हवी आहे. ज्या घरात माझ्या हातातून तबक काढून घेतलं, त्या घरात, त्या लोकांसमोर, तुमच्या तोंडानं सांगा. हे म्हणाले, "आता ह्या वयात कशाला तमाशा?" मी म्हटलं, तर मी सांगेन, आणि मी सगळं सांगेन.

१४ डिसेंबर, रविवार

दिगंबर आले होते. मी दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाले, "वहिनी, मित्र अडचणीत होता. मी काय करायला हवं होतं?" मी पडदा ओढला. काल दिगंबरला नात झाल्याचं कळलं, ह्यांनीच सांगितलं.

पिल्लं आणि माद्या दुकानदाराला देऊन टाकल्या. रिकामी टाकी व्हरांड्यात आहे, तिच्यात आता सासूबाईंची सांडग्यांची परात ठेवलेली असते.

२३ डिसेंबर, मंगळवार

आमच्या शाळेतल्या शकुंतलाबाई अवधपुरीत राहतात. त्यांच्या शेजारी वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी आहे म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. नुसतं म्हटलं, अच्छा.

२८ डिसेंबर, रविवार

आज बारसं. गेले. मोरपंखी पैठणी नेसले, चोवीस वर्षांत दोनदाच नेसलेली.

नाव ठेवून झालं, ताटं मांडली. पुरुष हॉलमध्ये, बायका मधल्या दारापाशी. मला वाटलं होतं ह्यांचा धीर होणार नाही. पण हे उभे राहिले. हातात पाण्याचा पेला होता, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"एक सांगायचं आहे," म्हणाले. "आम्हाला मूल झालं नाही, त्यात वासंतीचा दोष नव्हता. दोष माझ्यात होता. मला एकवीस वर्षांपासून ठाऊक आहे. मी लपवलं."

आत बाळ कुरकुरलं तेवढंच. मला वाटलं, आता काहीतरी माझ्या छातीवरून उतरेल.

आणि मग कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, "काय हिंमत लागते हो हे बोलायला!" मग सगळेच. कारखान्यातले दोघे उठून ह्यांच्या पाठीवर थोपटायला लागले. एकानं मिठी मारली. ह्यांचे डोळे भरून आले, तर बायकांचेही भरून आले. प्रमिला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नशीबवान आहेस गं. असा मोकळ्या मनाचा नवरा कुणाला मिळतो?" सुलभा डोळे पुसत म्हणाली, "एवढी वर्षं बिचाऱ्यांनी एकट्यानं मनात ठेवलं!"

बिचाऱ्यांनी.

मला कुणी काही विचारलं नाही. कुणी म्हणालं नाही की त्या दिवशी तुझ्या हातातून तबक घ्यायला नको होतं. दिगंबर ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होते, "हेमंत, मोठा माणूस आहेस रे तू."

मी मधल्या दारातून पुढे आले. बायकांमधून वाट काढत पुरुषांच्या हॉलमध्ये. आवाज माझा मलाच साधा वाटला. "आणि तो नॉर्मल रिपोर्ट कुणाचा होता, तेही सांगा. अर्धंच का सांगता?"

ह्यांनी पेला ओठाला लावला. दिगंबरनी हात सोडला आणि "आइस्क्रीमचं बघतो" म्हणून आत वळले. सुलभा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो मला पुरता बघायचा नव्हता. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, पुऱ्या गार होताहेत.

मी बाहेर पडले. हे फाटकापर्यंत मागे आले, डोळे पुसत. म्हणाले, "बघ, सांगून टाकलं. किती हलकं वाटतंय."

"तुम्हाला," मी म्हटलं.

"तू कुठे निघालीस? जेवली नाहीस."

कोपऱ्यावर ऑटो उभा होता. दुपारचे दीड वाजले होते, लखलखीत ऊन होतं, आणि मी पैठणीत होते. अवधपुरीत शकुंतलाबाईंनी मला त्या वेषात बघितलं तरी एक प्रश्न विचारला नाही. घरमालकिणीकडे घेऊन गेल्या. मालकीण सरदारणी, ओट्यावर मटार सोलत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कितने लोग रहेंगे?"

"एक. मैं."

"बाल-बच्चे?"

"नहीं हैं."

मी थांबले. ह्या उत्तरानंतर नेहमी काहीतरी येतं. 'अरेरे' येतं, 'का?' येतं, डॉक्टरचं नाव येतं, देवाचं नाव येतं. चोवीस वर्षांत ते आलं नाही असं एकदाही झालं नाही.

तिनं एक शेंग उघडली, दाणे वाटीत टाकले. "अच्छा," म्हणाली. "पानी सुबह छह से सात आता है. भर के रखना पड़ेगा."